नाकारलेल्यांचं प्रदर्शन ते हे नव्हे

सलोनने, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनाने, नाकारलेली चित्रं पॅरिसमध्येच वेगळी मांडली आणि इंप्रेशनिस्ट चित्रकारांचं पहिलं प्रदर्शन झालं, असं सर्रास सांगतात. ही दोन प्रदर्शनांची सरमिसळ आहे. नाकारलेल्यांचं प्रदर्शन १८६३ चं, तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने भरलेलं. म्हणजे चक्क सरकारी! चित्रकार मानेच्या चित्राची टर उडवली गेली ती तिथे.

१८७४ चं, म्हणजे इंप्रेशनिस्टांच्या पहिल्या प्रदर्शनाचं, प्रकरण निराळं. मोने, देगा, रन्वार, पिसारो वगैरेंनी डिसेंबर १८७३ मध्येच स्वतःची संस्था काढली होती. छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत १५ एप्रिलला, सलोनच्या आधीच, प्रदर्शन उघडलं. निवड समिती नाही, मांडणीही चित्रकारांचीच. जुन्या नकारांचा राग होता, हे खरं. पण देगाची चित्रं सलोनमध्ये आधी लागलेलीही होती. आणि माने? इंप्रेशनिस्टांच्या ८ प्रदर्शनांपैकी एकातही तो नव्हता.