शीटचा पासवर्ड आणि फाइलचा पासवर्ड

परळच्या आमच्या सोसायटीचे आधीचे खजिनदार काका वारले आणि हिशेबाच्या दोन एक्सेल फाइली नव्या कमिटीच्या हाती आल्या. पहिली उघडायची, आकडे दिसायचे, पण सेलमध्ये काही टाकायला गेलं की 'शीट प्रोटेक्टेड आहे' म्हणून अडायची. दुसरी उघडतानाच पासवर्ड मागायची. पहिलीचं कुलूप पाच मिनिटांत निघालं, दुसरीचं आजवर नाही. सेक्रेटरींना यात काहीतरी काळंबेरं वाटलं. पासवर्ड तो पासवर्ड, मग एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा का?

नाव एकच असलं तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सेल १९८५ साली आधी मॅकिंतॉशवर आलं आणि १९८७ला विंडोजवर. शीट प्रोटेक्शन आहे ते फॉर्म्युल्यावर चुकून कुणाचं बोट पडू नये म्हणून. ती सुरक्षेची सोय नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. जुन्या एक्सेलमध्ये शीटच्या पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला एक आकडा, फाइलमध्ये ठेवलेला असे, आणि तो इतका तोकडा की फार तर ३२,७६८ वेगवेगळे हॅश निघू शकत. म्हणजे असंख्य पासवर्डांचा हॅश एकच. ऑफिसांतून हातोहात फिरलेला तो प्रसिद्ध मॅक्रो (एक्सेलच्या आत चालणारा छोटा प्रोग्राम) याच फटीतून आत शिरायचा: अकरा अक्षरं फक्त 'ए' किंवा 'बी', बारावं कुठलंही, एकूण १,९४,५६० प्रयत्न. शेवटी 'एएबीबीएबी' छापाचं काहीतरी अगम्य हाती लागायचं. तो काकांचा पासवर्ड नव्हेच, पण शीटला तो चालायचा.

२०१३च्या आवृत्तीत हा हॅश एसएचए-५१२ या मजबूत पद्धतीचा झाला, तोही हॅशचा पुन्हा हॅश असा एक लाख वेळा फिरवून काढलेला. मॅक्रो तिथे थकतो. पण गंमत अशी की दार तेवढंच राहिलं, कडी फक्त जाड झाली. आतला मजकूर एनक्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा, झालेलाच नसतो. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची नव्या पद्धतीची फाइल, ही मुळात झिप फाइल. तिची कॉपी करा, एक्सटेन्शन बदलून 'झिप' करा, आत 'एक्सएल', त्यात 'वर्कशीट्स', त्यातली शीटची एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'शीटप्रोटेक्शन' हा टॅग सुरुवातीच्या कोनी कंसापासून शेवटच्या कंसापर्यंत उडवा. आमची पहिली फाइल अशीच सुटली. (कमिटीच्या ठरावानंतर, हेही सांगून ठेवतो.)

फाइल उघडण्याच्या पासवर्डची गोष्ट निराळी. तोही सुरुवातीला पोकळच होता: एक्सेल ९५पर्यंत मजकूर एका छोट्या किल्लीने नुसता उलटसुलट केलेला असे. एक्सेल ९७मध्ये आरसी४ एनक्रिप्शन आलं, पण किल्ली ४० बिटांची. कारण तांत्रिक नव्हे, सरकारी होतं. त्या काळी याहून मजबूत एनक्रिप्शन अमेरिकेबाहेर पाठवण्यावर त्यांच्या निर्यात कायद्याची बंधनं होती. २०००च्या जानेवारीत ती सैल झाली, तरी एक्सेल २००३पर्यंत न बदलता मिळणारी सेटिंग तीच राहिली. त्यामुळे जुन्या एक्सएलएस फाइली आजचा संगणक एकेक किल्ली लावून पाहूनसुद्धा उघडू शकतो.

खरा बदल २००७ला झाला. १२८ बिटांच्या किल्लीचं एईएस हे मजबूत एनक्रिप्शन आलं आणि पासवर्डवरून किल्ली काढताना हॅश ५०,००० वेळा फिरू लागला, २०१०पासून एक लाख वेळा. आता प्रत्येक चुकीच्या अंदाजाला वेळ मोजावा लागतो. अशी फाइल झिप म्हणून उघडतच नाही, त्यामुळे टॅग उडवायचा प्रश्नच येत नाही. मायक्रोसॉफ्टकडेही मागची चावी नाही.

मग उरतो तो अंदाज. पासवर्डात लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते, म्हणून आम्ही कॅप्स लॉक लावून आणि काढून पाहिलं. काका पावत्या मराठीत टाइप करायचे, म्हणून कीबोर्ड मराठीवर नेऊन फ्लॅट नंबर देवनागरी आकड्यांतही घालून पाहिला. गणपतीचं नाव, नातवाचं नाव, लग्नाची तारीख सगळं झालं.

ऑडिटरने तारीख दिली तेव्हा त्या वर्षाचा मेंटेनन्स पावतीपुस्तकांवरून पुन्हा चढवला. फाइल पेन ड्राइव्हवर तशीच आहे.