एक लाख तास म्हणजे बॉयलरचे आयुष्य नव्हे

वीजनिर्मिती केंद्रांत वर्षानुवर्षे सांगितले जाते की, उच्च तापमानाच्या नळ्यांचे आयुष्य १,००,००० तास, म्हणजे सुमारे साडेअकरा वर्षे असते, कारण अनुज्ञेय ताण, म्हणजे धातूवर येऊ देता येणारा कमाल ताण, तेवढ्यासाठीच ठरवलेला असतो. हा समज चुकीचा आहे. सततच्या ताणाखाली तापलेला धातू हळूहळू लांबत जातो, यालाच क्रीप म्हणतात. अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची, म्हणजे एएसएमईची, संहिता क्रीपच्या तापमानात अनुज्ञेय ताण ठरवताना, इतर निकषांबरोबरच, १,००,००० तासांत धातू तोडणाऱ्या सरासरी ताणाच्या ६७ टक्के आणि किमान ताणाच्या ८० टक्के या मर्यादा घालते, त्यामुळे संकल्पित तापमान पाळले असेल तर लाख तासांनंतरही बळ शिल्लक असते. भारतीय बॉयलर विनियमही तेवढ्या तासांनंतर नळ्या मोडीत काढायला नव्हे, तर उर्वरित आयुष्य तपासायला सांगतात. त्या तपासणीत नळीच्या वाकाचा पृष्ठभाग आरशासारखा घासून, त्यावर प्लॅस्टिकची पातळ फिल्म दाबून ठसा घेतात आणि धातूच्या कणसीमांवरच्या, म्हणजे त्याचे कण जिथे एकमेकांना भिडतात तिथल्या, बारीक पोकळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात.

याच समजाची दुसरी बाजू, म्हणजे लाख तासांपर्यंत निर्धास्त राहणे, मला अधिक धोक्याची वाटते. तापमान आणि धातू तुटेपर्यंतचा काळ यांची सांगड घालणाऱ्या लार्सन-मिलर सूत्राने, स्थिरांक २० धरून, हिशेब केला तर ५४० अंश सेल्सिअसवर लाख तास टिकणारी नळी त्याच ताणाखाली ५५० अंशांवर जेमतेम पन्नास हजार तास टिकते.