एकच रेणू, किमती सतरा

मार्च 2025 च्या पहिल्या आठवड्यात नागपूरच्या धंतोलीतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाची 10 मिलिग्रॅमची एक गोळी साठ रुपयांच्या घरात होती. 11 मार्चला तिचं पेटंट संपलं. लगेच तीच गोळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी पाच-सहा रुपयांपासून पंधरा रुपयांपर्यंत मिळू लागली. रेणूत, म्हणजे गोळीतल्या मूळ औषधात, काहीच बदल नव्हता. आपली मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळपास सगळं परत रक्तात ओढून घेतात. ओढून घेणारं मुख्य प्रथिन या गोळीने अडतं, म्हणून जास्तीची साखर लघवीवाटे जाते. साठ रुपयांची गोळी हेच करत होती आणि सहा रुपयांचीही हेच करते.

मग वरचे पन्नास-पंचावन्न रुपये कशाचे होते? बहुतांशी मक्तेदारीचे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कच्चा माल, गोळी बनवणं, पॅकिंग, नफा आणि कर असा हिशोब मांडला होता. अशी लघवीवाटे साखर काढणाऱ्या गटातली गोळी महिन्याला 1.30 ते 3.45 डॉलरला विकणं परवडू शकतं, असं उत्तर आलं. संशोधनाचा खर्च कंपनीने वसूल करायचा नाही, असं कुणी म्हणत नाही. पण मधल्या वर्षांत ज्यांना ती परवडली नाही, त्यांचं नुकसानही खरं आहे. ही श्रीमंतांची चैनीची गोळी नव्हती. 2015 च्या मोठ्या चाचणीत मधुमेहासोबत हृदयविकार असलेल्या रुग्णांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू तिने 38 टक्क्यांनी कमी केले होते.

शुगरच्या औषधांच्या किमतींचा गेल्या काही वर्षांचा इतिहास म्हणजे पेटंट संपण्याच्या तारखांची यादीच आहे. व्हिल्डाग्लिप्टिन डिसेंबर 2019 मध्ये पेटंटमधून सुटलं, डापाग्लिफ्लोझिन 2020 मध्ये, सिटाग्लिप्टिन 2022 मध्ये. प्रत्येक वेळी महिन्या-दोन महिन्यांत डझनावारी ब्रँड आले आणि भाव कोसळले. 1970 च्या कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. 2005 पासून रेणूवरही मिळू लागलं. मध्येच टेनेलिग्लिप्टिनसारखा अपवाद निघाला. त्याच्या रेणूवर इथे कुणाची मक्तेदारी नव्हती, म्हणून 2015 मध्ये ते आलं तेच स्वस्तात. अमेरिकेत मात्र ते मान्य नाही आणि हृदयावरच्या परिणामांचा त्याचा अभ्यास सिटाग्लिप्टिनइतका झालेला नाही. म्हणजे स्वस्त आहे एवढ्यावर उडी मारण्यातही अर्थ नाही.

पेटंट संपलं तरी दुकानात एकाच रेणूच्या दोन पत्त्यांत (गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये) चार-पाच पट फरक दिसतोच. नागपुरातला ग्राहक इथे हमखास विचारतो, "भाऊ, हे स्वस्तवालं बरोबर काम करते ना?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं.

जेनेरिक गोळी, म्हणजे त्याच रेणूची दुसऱ्या कंपनीने बनवलेली गोळी, मूळ गोळीसारखी आहे का, हे तपासायला निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या दिवशी देतात. मग ठरावीक वेळाने रक्त घेऊन त्यात औषध किती चढलं आणि किती वेळ टिकलं, याचा आलेख काढतात. दोन्ही आलेखांचं गुणोत्तर 80 ते 125 टक्क्यांच्या आत असावं लागतं. हे आकडे ऐकून अनेक जण, त्यात काही डॉक्टरही आले, समजतात की जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी असलं तरी चालतं. तसं नाही. ही मर्यादा सरासरीला लागू नाही, सरासरीभोवतीच्या संख्याशास्त्रीय अनिश्चिततेच्या अख्ख्या पट्ट्याला लागू आहे. तो पट्टा दोन्ही टोकांनी आत बसायचा तर सरासरी शंभराच्या जवळच असावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1996 ते 2007 या काळातले 2,070 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शरीरात पोहोचणाऱ्या औषधात सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. गोळी जेवणाआधी घेतली की नंतर, यानेही कित्येक औषधांत याहून मोठा फरक पडतो.

अर्थात हे आकडे अमेरिकेचे. आपल्याकडे जुन्या रेणूंच्या बाबतीत राज्यांकडून ही चाचणी न मागताही परवाने दिले जात. 2017 मध्ये नियम बदलला. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना ती सक्तीची झाली. शुगरच्या नेहमीच्या औषधांपैकी ग्लिमेपिराइड याच जातीचं आहे. मेटफॉर्मिन पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे साध्या गोळीत फारशी अडचण नसते. खरी कसोटी लागते ती एसआर किंवा ईआर लिहिलेल्या, हळूहळू सुटणाऱ्या गोळीत, कारण तिथे सगळं गोळीच्या बांधणीवर अवलंबून असतं. म्हणून एसआर गोळी कधी तोडू-कुटू नये आणि कंपनी बदलली तर पुढचे दोन-तीन आठवडे शुगर जरा जास्त वेळा तपासावी. सारखी सारखी कंपनी बदलण्यापेक्षा चांगली एक निवडून तिच्यावर टिकलेलं बरं, असं माझं मत आहे.

किंमत कमी करण्याची सर्वांत मोठी जागा डॉक्टरांच्या चिठ्ठीत असते. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर त्याच रेणूची दुसरी गोळी दुकानदाराने परस्पर द्यायची नाही, असा आपला नियम आहे. प्रत्यक्षात काउंटरवर काय चालतं ते आपण सगळे पाहतोच. 2023 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावच लिहायला सांगितलं आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगितही केला. तेव्हा मागायचं आपणच. पत्त्यावरच्या मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत रेणूचं नाव असतं. ते आणि त्यापुढचे मिलिग्रॅम वाचून डॉक्टरांना सरळ विचारावं, "हेच औषध जनऔषधीतलं चालेल का?" 2022 मध्ये पेटंट सुटल्यावर जनऔषधी केंद्रांत सिटाग्लिप्टिनच्या 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना आल्या होत्या. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड सरकारी दवाखान्यांत साठा असेल तर फुकटही मिळतात.

एक गुंता जोडगोळ्यांचा आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेनेलिग्लिप्टिन ही सुटी औषधं आवश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्यांना सरकारी कमाल किंमत लागू होते. पण दोन-तीन औषधं एका गोळीत घातली की ती गोळी बहुधा या यादीबाहेर जाते. तीन औषधांची एक गोळी सोयीची असते, कधी स्वस्तही पडते, तर कधी सुट्या तिघींपेक्षा बरीच महाग. कागदावर बेरीज केल्याशिवाय कळत नाही.

इन्सुलिनचं गणित वेगळं. जुन्या प्रकारच्या, मानवी म्हणतात त्या इन्सुलिनची 10 मिलिलिटरची बाटली दीडशे रुपयांच्या आसपास मिळते, तर टोचण्याच्या पेनमधलं नव्या प्रकारचं इन्सुलिन त्याच्या कित्येक पट. नव्या प्रकारांनी रात्री शुगर खाली जाण्याचा धोका कमी होतो. ज्याला तो त्रास आहे, त्याने फक्त पैशांसाठी मागे वळू नये. बाकी बऱ्याच जणांचं बाटलीवर नीट भागतं. बाटलीत एका मिलिलिटरला 40 प्रमाणे 400 युनिट असतात. दिवसाला वीस घेणाऱ्याची ती वीस दिवसांत संपते. दहा घेणाऱ्याला चाळीस दिवस लागतील आणि उघडलेली बाटली तर चार ते सहा आठवडेच चालते, तीही 25 ते 30 अंशांच्या आत. नागपूरच्या मे महिन्यात, 45 अंशांत, ओट्यावर ठेवलेली बाटली इतकी टिकत नाही. इन्सुलिन हे प्रथिन आहे, उष्णतेने त्याच्या गुठळ्या होतात आणि वाया गेलेलं इन्सुलिन सगळ्यांत महाग पडतं. फ्रिज नसेल तर माठाचा उपयोग होतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठाचं पाणी झपाट्याने उडतं आणि आतलं तापमान बरंच उतरतं. जुलैत हवा दमट झाली की हा परिणाम मंदावतो, पण तेव्हा बाहेरचा उकाडाही उतरलेला असतो. फ्रिज असेल तर बाटली दाराच्या कप्प्यात ठेवावी, फ्रीझरमध्ये नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

पेनवरून बाटलीवर येणाऱ्याने सिरिंज नीट बघून घ्यावी. पेनच्या काडतुसात मिलिलिटरला 100 युनिट असतात, बाटलीत 40. बाटलीसाठी लाल टोपीची 40 वाली सिरिंज लागते. नारिंगी टोपीची 100 वाली घेऊन वीसच्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त आठ युनिट. उलट काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत ओढलं तर जातात पन्नास, आणि शुगर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. दुकानातून निघण्याआधी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकदा जुळवून पाहावा.