फलतान (पॅलेस्टिनी भागातली बेबंदशाही)

फलतान, पूर्ण म्हणायचं तर ‘फलतान अम्नी’, हा शब्द पॅलेस्टिनी लोकांचा स्वतःचाच आहे. कुणाचा कुणाला पायपोस नाही, बंदूक ज्याच्या हातात त्याचा कायदा, अशा अवस्थेला ते फलतान म्हणतात. २००० साली दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायलविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाला, इस्रायली लष्कराने पॅलेस्टिनी पोलीस चौक्या आणि तुरुंग उडवले आणि तेव्हापासून हा शब्द तिथे घरोघरी बोलला जाऊ लागला. बाहेरच्यांना वाटतं की हा समाजच मुळात बेशिस्त आहे, पण ते अजिबात खरं नाहीये, लोकांना कोर्ट हवंय, पोलीस हवेत, फक्त हाक मारल्यावर येणारं कुणी नाही.

याचं एक मोठं कारण जमिनीच्या वाटणीत आहे. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमधल्या १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने वेस्ट बँकचे, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी भागाचे, अ, ब, क असे तीन भाग पाडले. अ भागात पोलीस पॅलेस्टिनी, ब मध्ये नागरी कारभार पॅलेस्टिनी पण सुरक्षेचा शेवटचा शब्द इस्रायलचा, आणि क, म्हणजे जवळजवळ ६० टक्के जमीन, पूर्ण इस्रायलच्या ताब्यात. आता समजा अ भागातल्या रामल्ला शहरात कुणी चाकू चालवला आणि गाडीत बसून शेजारच्या क भागात निघून गेला, तर पॅलेस्टिनी पोलिसाला त्याच्या मागे जायला आधी इस्रायली लष्कराची परवानगी लागते, त्याला तिथे ‘तन्सीक’ म्हणतात, आणि ती मिळेपर्यंत माणूस कुठल्या कुठे पोचलेला असतो. कफर अकब नावाची वस्ती तर याहून वाईट. कागदोपत्री ती जेरुसलेम महापालिकेत, लोक तिथला टॅक्स भरतात, पण वस्ती इस्रायलने बांधलेल्या भिंतीच्या पलीकडे पडली, त्यामुळे इस्रायली पोलीस फारसे फिरकत नाहीत आणि पॅलेस्टिनी पोलिसांना आत यायची परवानगी नाही, मग बेकायदा इमारती, ड्रग्ज, गोळीबार सगळं तिथे जमा होतं. वेस्ट बँकमध्ये रस्त्यांवर ‘मश्तूबा’ गाड्याही दिसतात, म्हणजे इस्रायलमध्ये भंगारात काढलेल्या, ना रजिस्ट्रेशन ना इन्शुरन्स, अपघात झाला तर भरपाई मागायची कुणाकडे?

कायद्यांची मात्र कमी नाही, उलट ढीग आहे. ऑटोमन, ब्रिटिश, जॉर्डनचे, इजिप्तचे, इस्रायली लष्करी आदेश आणि वर पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे, म्हणजे पॅलेस्टिनी सरकारचे, स्वतःचे. वेस्ट बँकमध्ये खुनाचा खटला १९६० च्या जॉर्डनी दंडसंहितेवर चालतो आणि गाझात १९३६ च्या ब्रिटिश संहितेवर. हे सगळं एक करायचं काम संसदेचं, पण २००६ च्या निवडणुकीत हमास या सशस्त्र इस्लामी संघटनेने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या, जून २००७ मध्ये गाझा बळाने ताब्यात घेतला आणि संसद बंदच पडली, २०१८ मध्ये ती औपचारिकपणे बरखास्तही झाली. प्राधिकरणाचे राष्ट्राध्यक्ष महमूद अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले होते, त्यानंतर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झालीच नाही आणि कायदे त्यांच्या अध्यादेशांनी होतात. बलात्कार करणाऱ्याने पीडितेशी लग्न केलं की शिक्षा टळायची, ते कलम २०१८ मध्ये अशाच अध्यादेशाने गेलं, चांगलंच झालं, पण असे अध्यादेश हमास मानत नाही. न्यायाधीशांवरही अध्यक्षांचाच हात, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायिक मंडळच विसर्जित करून टाकलं.

मग लोक जातात कुठे? हमुलाकडे. हमुला म्हणजे साधारण आपली भावकी, फक्त तिथे तिच्याकडे बंदुकाही असतात, हेब्रॉनमध्ये तर काही हमुलांचा पोलिसांपेक्षा जास्त दरारा. खून झाला की पहिले काही दिवस मारेकऱ्याच्या घरच्यांची घरं-दुकानं पेटवली जाण्याची भीती असते, म्हणून प्रतिष्ठित माणसं मध्ये पडून ‘अत्वा’ म्हणजे तात्पुरती युद्धबंदी घेतात, पहिली अत्वा परंपरेने तीन दिवस आणि एक तृतीयांश. नंतर ‘जाहा’, म्हणजे वडीलधाऱ्यांचं शिष्टमंडळ, मृताच्या घरी जातं. समोर कॉफी येते पण ती कुणी तोंडाला लावत नाही, मागणं मान्य झालं की मगच पितात. शेवटी ‘सुल्हा’ म्हणजे समेट, ‘दिया’ म्हणजे रक्ताची भरपाई, हस्तांदोलन. या पद्धतीने कितीतरी सूडसत्रं थांबलीत हे मान्यच करायला हवं. पण ज्याची हमुला लहान त्याला काय मिळतं, आणि बाईचा जीव तिच्याच घरच्यांनी घेतला तर तिच्या बाजूने सुल्हा मागायला कोण येणार, याचं उत्तर या पद्धतीत नाही, आणि तिथेच कोर्टाची गरज सगळ्यात जास्त आहे. वाईट हे की सरकारी अधिकारीही अत्वाला हजर असतात आणि सुल्हा झाली की कोर्ट शिक्षा कमी करतं.

गाझाने २००४ ते २००७ मध्ये याचं टोक बघितलं. २००४ मध्ये खुद्द पोलीसप्रमुखाचं अपहरण झालं, २००७ मध्ये बीबीसीचे पत्रकार अ‍ॅलन जॉन्स्टन ११४ दिवस ओलीस होते. हमासने सत्ता घेतल्यावर रस्ते शांत झाले खरे, पण धाकाने. तिकडे वेस्ट बँकमध्ये तेव्हाचे पंतप्रधान सलाम फय्याद यांनी नाब्लुस, जेनिनमध्ये पोलीस पुन्हा उभे केले, फरक दिसला. पण तीच दलं टीकाकारांवरही वळली, जून २०२१ मध्ये निझार बनात यांना सुरक्षा दलाने हेब्रॉनमध्ये पकडलं आणि कोठडीतच ते मेले. लोकांचा विश्वास किती उरला असेल?

आणि कायद्याचा विषय निघाला की वसाहतवाल्यांना, म्हणजे वेस्ट बँकमध्ये वस्त्या करून राहणाऱ्या इस्रायलींना, वगळून चालणार नाही. एकाच टेकडीवर पॅलेस्टिनी माणसाला इस्रायली लष्करी कोर्ट आणि शेजारच्या वसाहतवाल्याला इस्रायली नागरी कायदा, त्यात ऑलिव्हची झाडं तोडल्याच्या, मारहाणीच्या बहुतेक तक्रारी आरोपपत्राशिवायच बंद होतात. पॅलेस्टिनी पोलिसांना वसाहतवाल्याला अटक करायचा अधिकारच नाही. वर इस्रायल प्राधिकरणाच्या वतीने गोळा केलेले कराचे पैसे अडवतं म्हणून २०२१ च्या अखेरपासून पोलिसांचा, न्यायाधीशांचा पगारही पूर्ण मिळत नाही.

ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धात गाझातली पोलीस यंत्रणा कोसळली, मदतीच्या ट्रकांसोबतचे पोलीसच हल्ल्यांत मारले जाऊ लागले आणि रस्ते टोळ्यांच्या हाती गेले. १६ नोव्हेंबर २०२४ ला युनोच्या १०९ ट्रकांच्या ताफ्यातले ९८ लुटले गेले, पीठ बाजारात अव्वाच्या सव्वा भावाने विकलं गेलं, आणि उपाशी राहिली ती ज्यांच्यामागे ना टोळी ना हमुला अशी कुटुंबं. ऑक्टोबर २०२५ च्या युद्धबंदीनंतर हमासने पुन्हा ताबा घेताना हमुलांशी चकमकी केल्या आणि काही जणांना खटल्याशिवाय भर रस्त्यात गोळ्या घातल्या.