जादा लाइट लावण्याआधी
रात्री डोंगरात आणि शिवारात गाडी नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

कोणी शहाद्याहून तोरणमाळला जातो, कोणाची चांदसैली घाटाने धडगावला रोजची ये-जा असते, कोणाला पहाटे तीनला पपईचा माल भरायला शेतात गाडी घालावी लागते. आमच्याकडे लाइटसाठी येणारी जिप्सी, थार किंवा बोलेरो कॅम्पर यांच्यापैकीच कोणाची तरी असते आणि मागणीही ठरलेली असते : "भाऊ, लाइट शे, पन उजेड नही. मोठा बार लाई द्या."

बार, म्हणजे एलईडी दिव्यांची लांब पट्टी, आम्ही लगेच लावत नाही. आधी गाडी चालू ठेवून, डिपर लावून, मल्टिमीटर धरतो. मागच्या उन्हाळ्यात एक जुनी जीप आली होती. मालकाने वैतागून १००/९० वॅटचे बल्ब टाकले होते, तरी समोर पिवळट अंधारच. बॅटरीवर १३.८ व्होल्ट दिसत होते आणि बल्बच्या होल्डरवर ११.९. म्हणजे जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच जिरले होते. होल्डर बाहेर काढला तर प्लास्टिक वितळून तपकिरी झालेले, एक पिन काळी पडलेली. ती पिन बोटाने हलवली की दिवा मिचमिचायचा.

हॅलोजन बल्बचे गणित लक्षात ठेवा. व्होल्ट थोडे कमी झाले की उजेड त्याच्या कितीतरी पट कमी होतो. १० टक्के व्होल्ट गेले तर सुमारे ३० टक्के उजेड जातो. त्या जीपचा ४० टक्के उजेड वायरिंगमध्ये जात होता. अशा गाडीत जास्त वॅटचा बल्ब टाकला की करंट वाढतो, वायर आणखी तापते, व्होल्ट आणखी पडतात आणि शेवटी होल्डर जळतो.

दोष बहुतेक जुन्या रचनेत असतो. करंट बॅटरीपासून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत येतो, तिथून पुन्हा पुढे हेडलाइटला जातो. वायर बारीक, स्विचचे पॉइंट झिजलेले, अर्थिंगचा बोल्ट गंजलेल्या पत्र्यावर. यावर उपाय म्हणजे रिले, म्हणजे थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. स्विचने फक्त रिले ओढायचा (८५ आणि ८६ नंबरच्या पिना) आणि बल्बचा करंट बॅटरीवरून फ्यूजमार्गे ३० नंबरवर घेऊन ८७ वरून जाड वायरने थेट बल्बला द्यायचा. लो आणि हाय बीमला वेगवेगळा रिले. वायर २.५ स्क्वेअर एमएमची, फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, अर्थ पत्रा घासून चकचकीत केलेल्या जागी. त्या जीपमध्ये एवढे केले, नवा होल्डर बसवला आणि साधा ६०/५५ वॅटचा एच ४ बल्ब टाकला. होल्डरवर १३.४ व्होल्ट मिळाले. मालकाने दुकानासमोरच्या भिंतीवर प्रकाश पाहिला आणि बारचा विषय पुन्हा काढला नाही.

काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच निगेटिव्ह बाजूने चालतो, तिथे रिलेची जोडणी वेगळी लागते. नव्या गाड्यांत लाइटवर कॉम्प्युटरचे नियंत्रण असते. अशा गाडीची मूळ वायर कुठेही कापू देऊ नका, आमच्याकडेही नाही. तिथे कपलरला (वायरच्या टोकाच्या प्लगला) कपलर जोडणारीच किट वापरावी.

काच पिवळी पडली असेल तर आधी तिचे बघा. प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी होते आणि आपल्याकडच्या उन्हात लवकर होते. टूथपेस्टने घासल्यावर महिनाभर बरी दिसते. नीट काम करायचे तर पाण्याच्या पॉलिश पेपरने टप्प्याटप्प्याने घासून वरून ऊन रोखणारे कोटिंग द्यावे लागते. कोटिंग दिले नाही तर काच पहिल्यापेक्षा लवकर पिवळी पडते.

एलईडी बल्ब टाकू का?

हा प्रश्न रोज येतो, म्हणून सविस्तर सांगतो. हॅलोजनच्या हेडलाइटमधला आरसा बारीकशा तारेसाठी घडवलेला असतो. ती तार मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकली तरी फोकस बिघडतो. एलईडी बल्बमध्ये तारेच्या जागी चिप असतात, दोन्ही बाजूंना, मध्ये पट्टी. काही बल्ब या बाबतीत बरे असतात, पण बहुतेकांचा प्रकाश पसरतो. तुमच्या पुढची २० मीटर जमीन पांढरीशुभ्र दिसते, म्हणून उजेड वाढला असे वाटते. प्रत्यक्षात लांबचे कमी दिसते, कारण जवळच्या चकाकीने तुमची बाहुली आकसते. आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. ऊसतोडीच्या हंगामात शहादा-प्रकाशा रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी असते, बैलगाडी चाललेली असते. समोरच्या चालकाला दोन सेकंद दिसले नाही तर काय होते, हे या भागात कोणाला सांगायला नको.

एलईडीच हवी असेल तर पूर्ण हेडलाइट बदला, ज्यात आरसा आणि दिवा एकमेकांसाठीच बनवलेले असतात. गोल सात इंची हेडलाइटच्या गाड्यांना हे सोपे जाते. पण ऑनलाइन मागवताना एक गोष्ट नक्की तपासा. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात त्या देशांसाठी बनलेल्या लाइटचा लो बीम उजवीकडे वर चढतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. युरोपियन मानकाचा लाइट फक्त डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी असेल, तर समोर उभे राहून काचेकडे पाहिल्यावर तुमच्या उजवीकडे रोख असलेला आडवा बाण कोरलेला दिसतो. बाण नसेल तर भिंतीवर बीम पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

डब्यावरचे वॅट आणि ल्युमेन (उजेडाचे माप) यांवर विसंबू नका. आमच्या काउंटरवर करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आहे. '२०० वॅट' लिहिलेला लाइट १३ व्होल्टवर ३ अँपिअर घेत असेल, तर तो ३९ वॅटचा झाला. तुम्ही दुसरीकडून आणलेला लाइटही आम्ही असा मोजून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.

जादा लाइट कुठला, कुठे

आधी वेग ठरवा. पक्क्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने तुम्ही सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाता, त्यामुळे लांबचा उजेड हवा. नाल्यातल्या दगडगोट्यांवर, शेतरस्त्यावर वेग १५-२० असतो. तिथे अर्धा किलोमीटर लांब फेकणारा स्पॉट काही कामाचा नाही. दिसायला हवा तो चाकाजवळचा खड्डा, बांधाची कड, वळणाच्या आतली बाजू. त्यासाठी बंपरवर, थोडे बाहेरच्या बाजूला वळवलेले, रुंद पसरणारे दोन छोटे फ्लड पुरेसे होतात. २० वॅटचे दोन एलईडी फ्लड जेमतेम ३ अँपिअर घेतात, अल्टरनेटरवर भार पडत नाही.

टपावरच्या लांब बारबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. दिसायला तो रुबाबदार, पण उजेड बॉनेटवर पडून परत डोळ्यांत येतो. आणि जानेवारीनंतर आपल्या कच्च्या रस्त्यांवर पीठ झालेली माती उडते. पुढे एक गाडी असेल तर टपावरचा बार त्या धुळीची पांढरी भिंत उभी करतो. पावसाळ्यात तोरणमाळच्या सातपायरी घाटात धुके असले की तेच. धुक्यात आणि धुळीत दिवा जितका डोळ्यांच्या रेषेपासून खाली, तितके चांगले दिसते. बीम रुंद आणि वरून कापलेला असावा. पिवळा रंग धुके 'फाडतो' असे म्हणतात, ते खरे नाही, कारण धुक्याचे थेंब सगळ्याच रंगांना सारखे उधळतात. पिवळ्यात निळा प्रकाश नसल्याने डोळ्यांना चकाकी कमी जाणवते, एवढा फायदा मात्र आहे आणि आम्हाला तो पुरेसा वाटतो.

पाण्यातून गाडी घालणाऱ्यांनी किमान आयपी ६७ लाइट घ्यावा. त्यात धूळ शिरत नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तो टिकतो. तरी नाल्यात उतरण्याआधी दोन मिनिटे लाइट बंद ठेवा. तापलेला दिवा एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. काचेच्या आत वाफ धरलेले लाइट आमच्याकडे येतात, त्यांतले बरेचसे असेच बिघडलेले असतात.

कायद्याचे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ नुसार गाडीच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी असेल तरच तो लावता येतो. वरून कव्हर घातले म्हणून परवानगीची गरज संपत नाही. म्हणून स्वतःच्या शेतात किंवा ट्रेलवर लाइट हवा असणाऱ्यांना आम्ही काढता येणारे ब्रॅकेट आणि पाणीरोधक कपलर बसवून देतो. काम झाले की दोन नट सोडायचे, लाइट डिकीत. तो हाय बीमच्या वायरला जोडून मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. त्याचा स्विच वेगळाच असला पाहिजे.

यावल किंवा अनेर धरण अभयारण्याच्या बाजूने जाणाऱ्यांनी असा लाइट गाडीवर ठेवूच नये. प्रखर उजेडात जनावर जागीच थिजते, शिकारी त्याचाच फायदा घेतात आणि वनखात्याच्या लोकांना तुमच्या गाडीवर तोच संशय येईल.

येताना

हेडलाइटचा फोकस आम्ही अंधार पडल्यावर लावतो, त्यामुळे संध्याकाळी सातनंतर या. टायरची हवा तपासून या आणि नेहमी जेवढा माल किंवा माणसे असतात तेवढे वजन गाडीत ठेवा. रिकाम्या कॅम्परवर लावलेला फोकस मागे माल भरला की वर उचलला जातो. गाडी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी करून लो बीमची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण ७ ते ८ सेंटिमीटर खाली आणतो. स्क्रू फिरवताना नेहमी चालवणारा सीटवर बसलेला असावा लागतो, म्हणून गाडी भलत्याच कोणाच्या हाती पाठवू नका, स्वतः या किंवा रात्री जो चालवतो त्यालाच पाठवा. अर्ध्या तासाचे काम आहे. बदललेले जुने बल्ब आणि होल्डर आम्ही तुमच्या हातात परत देतो. होल्डर काळा पडलेला असेल तर तो घरी नेऊन दुसऱ्या गाडीच्या होल्डरशी ताडून बघा.