पॅड म्हणजे क्लायंबिंगचा रोप नव्हे

"बोल्डरिंग म्हणजे बुटकं क्लायंबिंग, म्हणून धोका कमी" हे ऐकून कान किटले आहेत. (बोल्डरिंग म्हणजे रोपशिवाय बुटक्या खडकांवर चढणं.)

रोप (दोर), हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), बिले (चढणाऱ्याचा रोप दुसऱ्याने धरणं), भेगेत बसवलेला नट किंवा कॅम (रोप अडकवायचे धातूचे आधार) हे सगळं रोपवरच्या चढाईत लागतं. बोल्डरिंगला शूज, चॉक (हाताला लावायची पूड), पॅड (पडायला खाली टाकलेली फोमची गादी) आणि बहुधा चार-पाच मीटरच्या आतला खडक पुरतो. ग्रेडचाही (अवघडपणाच्या श्रेणीचाही) घोळ आहे: बोल्डरिंगच्या फाँतेनब्लो पद्धतीचा ६ए आणि रोपवरचा फ्रेंच ६ए एक नव्हेत, पहिला कितीतरी अवघड.

खरी गफलत पडण्यात होते. रोपवर सगळं नीट लावलेलं असेल, तर पडल्यावर रोप ताणला जातो, बिलेयर (बिले देणारा) धरतो, तुम्ही हवेत लोंबकळता. बोल्डरिंगमध्ये प्रत्येक वेळी जमीनच गाठायची, एका दुपारी वीसदा. स्पॉटरला (खाली उभा राहून पडणाऱ्याला सांभाळणाऱ्याला) बिलेयर समजणं तर डोक्यात जातं. तो झेलत नाही. अंगठे बोटांना चिकटवून हात वर धरायचे आणि पडणाऱ्याची कंबर किंवा पाठ ढकलून त्याला पॅडवर वळवायचं, डोकं दगडावर आपटू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. झेलायला गेला की मनगट त्याचंच मोडतं.

स्कॉटलंडमधल्या मल बेटाच्या नैऋत्य टोकाजवळ एरेड हे छोटं बेट आहे, आडवंतिडवं जेमतेम दीड किलोमीटर. ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं, आणि तिथल्या गुलाबी ग्रॅनाइटवर दोन्ही प्रकार चालतात. (डू आर्टाख दीपगृहाचा दगड इथूनच गेला.) काठावरच्या खडकांखाली पॅड कुठे टाकायचं ते समुद्र ठरवतो. भरती येऊन गेली की वाळू सरकते, काल दडलेला धोंडा आज वर येतो. म्हणून आधी खाली हात फिरवून धोंडे चाचपा, खळगे भरा, मग पॅड टाका, कडक फोमची बाजू वर. दोन पॅडमध्ये फट राहू देऊ नका. घोटा तिथेच मुरगळतो. ओल्या शेवाळावर पॅड टाकलं तर पाय टेकताक्षणी ते घसरतं. शूजचे तळवे पुसूनच खडकावर चढा, ओलं रबर ग्रॅनाइटवरही धरत नाही.

रोपवाल्याला पाण्याची धास्ती कमी असते असं नाही, पण कड्याच्या पायथ्याशी पाणी आलं तरी बहुधा वर चढून बेटाच्या माथ्यावरून निघता येतं. परतीची वाळू मात्र दोघांनाही सारखीच. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास असले, तरी पाणी एकसारखं चढत नाही. मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मं चढतं. अष्टमीच्या सुमारास, भांगाला (भरती-ओहोटी लहान असते तेव्हा), ओहोटी फार खाली जात नाही, त्यामुळे वाळूही कमी वेळ उघडी राहते. अमावास्येच्या उधाणात आखलेली वेळ त्या दिवशी वापरू नका. आणि पॅड पाठीवर असेल तर जरा आधीच निघा: वाऱ्यात ते शिडासारखं फुगतं, चाल निम्म्यावर येते.