जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क पुसून डेस्कटॉपला लावणे

लॅपटॉपची स्क्रीन गेली, मदरबोर्ड गेला किंवा बिजागरी तुटून पार खिळखिळा झाला तरी आतली हार्डडिस्क बऱ्याचदा ठणठणीत असते. ती काढायची, तिच्यावरचं जुनं सगळं पुसायचं आणि घरातल्या डेस्कटॉपला जादा स्टोरेज म्हणून जोडायची, यालाच साध्या भाषेत ‘फॉरमॅट मारून पीसीला लावली’ म्हणतात. पण या ‘फॉरमॅट मारणे’ने बराच घोळ घातलेला आहे, कारण त्याच्या पोटात दोन वेगळी कामं आहेत. एक म्हणजे डिस्क स्वतःला वापरायला मोकळी करणे, आणि दुसरं म्हणजे तिच्यावरचं कुणालाच परत वाचता येणार नाही असं करणे. पहिलं दोन सेकंदात होतं, दुसऱ्याला तास लागतात, आणि लोक पहिलं करून दुसरं झालं असं समजतात.

फाइल डिलीट केली किंवा क्विक फॉरमॅट मारला की फक्त नोंद जाते, डेटा जागच्या जागी राहतो. सातबाऱ्यावरून नाव कमी केलं म्हणून शेतातलं पीक कुठे जातं, तसंच हे. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं की लग्नाचे फोटो, पॅनकार्डाचं स्कॅन, सगळं वर येतं. फुल फॉरमॅटचीही गंमत आहे, विंडोज एक्सपीपर्यंत तो फक्त खराब सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे) तपासायचा, व्हिस्टापासून तो खरोखर शून्यं लिहायला लागला. २००३ मध्ये सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी सेकंडहँड बाजारातून घेतलेल्या १५८ हार्डडिस्कांचा अभ्यास छापला. त्यातल्या १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांपैकी बऱ्याच डिस्कांवर लोकांचे क्रेडिट कार्ड नंबर, मेल वगैरे तसंच पडलेलं.

दुसऱ्या टोकाला ‘पस्तीस वेळा पुसा’वाले आहेत. हा ३५ चा आकडा पीटर गुटमन या संगणक-सुरक्षा संशोधकाच्या १९९६ च्या निबंधातला, तो त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कांच्या रेकॉर्डिंग पद्धती धरून काढलेला होता, आणि आत्ताच्या डिस्कवर ३५ फेऱ्या मारण्यात अर्थ नाही असं नंतर खुद्द गुटमननीच सांगितलंय. फिरत्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत एकदा शून्यं लिहिली की घरगुती कामाला पुरे. आणि डिस्क घरातल्याच पीसीत राहणार असेल तर तेवढंही करायची सक्ती नाही, विकायची वा कुणाला द्यायची असेल तेव्हा मात्र टाळाटाळ नको.

विंडोजमध्ये हे काम विंडोजबरोबरच येणारं डिस्कपार्ट हे टूल करतं. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट चालवून ‘लिस्ट डिस्क’ टाइप केलं की डिस्क ०, डिस्क १ अशी यादी येते, ५०० जीबीची डिस्क तिथे ४६५ जीबी दिसते (कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, कुणी चोरलेले नाहीत). मग ‘सिलेक्ट डिस्क १’ (किंवा आपल्या डिस्कचा जो नंबर असेल तो), मग ‘क्लीन’. क्लीनने फक्त पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांची, माहिती उडते, लॅपटॉप कंपनीने लपवून ठेवलेलं रिकव्हरी पार्टिशन, जे डिस्क मॅनेजमेंटमध्ये काही केल्या डिलीट होत नाही, तेही जातं, पण डेटा राहतो. ‘क्लीन ऑल’ मात्र प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं, ५०० जीबीला दीड-दोन तास, यूएसबी २ च्या कॅडीतून (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीतून) केलं तर चारच्या वर, आणि एवढा वेळ स्क्रीनवर टक्केवारी नाही, काही नाही, नुसता कर्सर लुकलुकतो, म्हणून हँग झालं समजून मध्येच बंद करू नये. खरा धोका वेगळाच, चुकीची डिस्क निवडण्याचा. एंटर दाबल्यावर ‘नक्की का?’ असं डिस्कपार्ट विचारत नाही. प्रस्तुत लेखकाच्या पीसीत एकदा दोन्ही डिस्क ४६५ च्याच होत्या आणि एंटरवर बोट ठेवून दोन मिनिटं घाम पुसला. तेव्हापासून ‘डिटेल डिस्क’ने मॉडेल नंबर बघायचा, किंवा सरळ बाकीच्या डिस्कांच्या केबल काढून ठेवायच्या.

लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ‘डीडी’ किंवा ‘एनवाइप’ या टूलने हेच होतं. शिवाय डिस्कच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्या आतल्याच सॉफ्टवेअरमध्ये, सिक्युअर इरेझची आज्ञा असते. ती देण्याआधी तात्पुरता पासवर्ड घालावा लागतो आणि मध्येच लाइट गेली तर डिस्क लॉक होऊन बसते, तोच पासवर्ड देऊन परत पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून पासवर्ड लिहून ठेवा आणि यूपीएस असेल तरच नादी लागा. लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) हार्डडिस्कलाच पासवर्ड दिलेला असेल तर तो लॅपटॉप चालू असतानाच काढायचा, नाहीतर डेस्कटॉपमध्ये डिस्क दिसते पण उघडत नाही. एसएसडीचं, म्हणजे फिरता भाग नसलेल्या चिपवाल्या डिस्कचं, गणित निराळं, ती डेटा आतल्या आत फिरवत असते त्यामुळे वरून शून्यं लिहून सगळं पुसलं जाईलच असं नाही, तिथे सिक्युअर इरेझच वापरायचं.

जोडणी त्या मानाने किरकोळ. २००३ मध्ये साटा ही जोडणीची पद्धत आल्यापासून लॅपटॉपच्या अडीच इंची आणि डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला तोच ७ पिनांचा डेटा आणि १५ पिनांचा पॉवर कनेक्टर लागतो. त्याआधीच्या आयडीई पद्धतीत लॅपटॉपला ४४ पिना आणि डेस्कटॉपला ४०, म्हणजे मध्ये अडॅप्टर आलाच. कॅबिनेटमध्ये बसवायला ब्रॅकेट लागतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जातं, नसेल तर लोक डबल टेपने चिकटवतात, चालतं, फक्त खालचं सर्किट पत्र्याला टेकता कामा नये. नवीन डिस्क दिसत नाही अशी बोंब बहुतेक इथेच उठते, बायोसमध्ये दिसते पण ‘धिस पीसी’त नाही, कारण पुसलेल्या डिस्कवर पार्टिशनच नसतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशिअलाइज करायची, जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) निवडायचं, नवीन व्हॉल्यूम बनवायचा.

हे सगळं करण्याच्या आधी, खरंतर डिस्क काढून पीसीला जोडल्याजोडल्याच, क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तिची तब्येत बघावी. रिअलोकेटेड (खराब झाल्याने बदललेल्या) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टरचे आकडे शून्य असतील तर उत्तम, पेंडिंग वाढत चालले असतील तर तिच्यावर सिनेमे ठेवा, फोटो नको. लॅपटॉपच्या डिस्कला बॅटरी वाचवायची सवय असते, जरा काम थांबलं की वाचणारं हेड बाजूला नेऊन ठेवते, म्हणजे पार्क करते, डेस्कटॉपमध्ये गेल्यावरही ते चालूच राहतं आणि रात्री शांततेत कॅबिनेटमधून दर थोड्या वेळाने बारीक ‘टिक्’ ऐकू येतं. पॉवर मॅनेजमेंटचं सेटिंग बदललं की बहुतेक वेळा थांबतं.